मधल्या खांबाखालची माती

हल्ली रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरापुढच्या खळ्यात लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचे उघडे ओटे, दिसू लागलेत. उंची जेमतेम हातभर, म्हणून पायाकडे कुणी फारसं बघत नाही. चार चिरे टाकले की झालं, असं वाटतं. पण भार सगळ्या चिऱ्यांवर सारखा येत नाही.

समजा डेक ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आहे आणि खाली तीन रांगांत नऊ आधार आहेत. लाकूड आणि माणसं मिळून चौरस मीटरला ३५० किलो धरले, तर एकूण ४,२०० किलो. ढोबळ हिशेबाने कोपऱ्यातल्या आधारावर यातला सोळावा हिस्सा येतो, कडांच्या मधल्यांवर आठवा आणि ऐन मध्यावरच्या एकट्यावर चौथा. कोपऱ्यात साधारण २६० किलो, तर मध्यात १,०५०! नऊही ठिकाणी ३० सेंटिमीटर चौरस पाया घेतला, तर मधल्याखालच्या मातीवर चौरस मीटरला साडेअकरा टनांहून जास्त दाब पडतो. तोच पाया ४५ सेंटिमीटरचा केला की दाब पाच टनांवर येतो. कातळाला दोन्ही सारखेच. पावसात भिजलेल्या भरावाला मात्र पहिला झेपत नाही. सगळे आधार सारखे दबले तर चालून जातं. एकटा मधला दबला की फळ्या पिळवटतात.

डेक जोत्याला जखडू नये, तेही याचसाठी. जोतं कधीच बसून स्थिर झालेलं असतं, डेकखालची माती अजून बसायची असते. मध्ये दोन बोटं फट ठेवावी.

थंड देशांत मातीतलं पाणी गोठून फुगतं आणि पाया वर उचलतं, म्हणून तिथे खोल खणतात. आपल्याला ती भीती नाही. पालापाचोळ्याची मऊ माती काढून घट्ट थर लागला की पुरे. भराव असेल तर वीतभराचा एकेक थर धुमसून घ्यावा.

आपली खरी लढाई पाण्याशी. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. बारीक मातीच्या कणांमधून पाणी आपोआप वर चढतं, सच्छिद्र जांभ्यातूनही चढतं. म्हणून पायाखाली धुतलेली २० मिलिमीटरची खडी घालावी. तिच्यातल्या मोठ्या पोकळ्यांतून पाणी वर चढू शकत नाही. लाकूड चिऱ्यावर थेट टेकवू नये, काँक्रीटवर धातूचा बूट बसवून त्यात उभं करावं. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या आत राहिला तर कुजवणारी बुरशी धरत नाही. शिवाय वाळवीला मातीची नळी उघड्यावर बांधावी लागते, ती वेळीच दिसते. समुद्र जवळ असेल तर बूट आणि बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. त्यातल्या मॉलिब्डेनम या धातूमुळे ते खाऱ्या हवेत साध्या स्टेनलेसपेक्षा जास्त टिकतं.