ड्युअल बूट

एकाच संगणकावर दोन ऑपरेटिंग सिस्टिम स्वतंत्रपणे बसवायच्या आणि संगणक चालू करताना त्यांतली हवी ती निवडायची, या व्यवस्थेला ड्युअल बूट म्हणतात. एका वेळी एकच सिस्टिम चालते. दुसरीत जायचे तर संगणक रीस्टार्ट करावा लागतो. दोनपेक्षा जास्त सिस्टिम असल्या तर मल्टिबूट म्हणतात, तत्त्व मात्र तेच. घरगुती संगणकांवर सर्वाधिक दिसणारी जोडी विंडोज आणि लिनक्सची (उबंटू, मिंट, फेडोरा इत्यादी तिची वितरणे, म्हणजे तयार रूपे). ही नोंद मुख्यतः त्या जोडीविषयी आहे.

दोन सिस्टिम एका डिस्कवर मावणे ही यातली अवघड गोष्ट नव्हे. डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, पाडता येतात आणि प्रत्येक सिस्टिम आपापल्या भागात राहते. अडचण येते ती प्रत्येक सिस्टिम संगणक आपल्या एकटीचाच आहे असे गृहीत धरते म्हणून. संगणक सुरू झाल्यावर पहिला ताबा कोणाकडे जाणार, घड्याळ कोण लावणार, बंद होताना डिस्क कोणत्या अवस्थेत सोडायची, या सगळ्याबाबत दोघींची मते वेगळी असतात. ड्युअल बूटचा गेल्या चार दशकांचा इतिहास बराचसा या मतभेदांचाच आहे.

जुन्या पद्धतीत ताबा देण्याची जागा एकच होती : डिस्कचा पहिला सेक्टर (डिस्कवरचा छोटा कप्पा), मास्टर बूट रेकॉर्ड किंवा एमबीआर. १९८३ साली आयबीएमच्या पीसी-डॉस २.० या ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर ही रचना आली. या सेक्टरचे ५१२ बाइट. त्यांतले ४४६ सुरुवातीच्या प्रोग्रॅमसाठी, ६४ पार्टिशनच्या तक्त्यासाठी आणि उरलेले दोन खुणेसाठी. तक्त्यात १६ बाइटची एक याप्रमाणे चारच नोंदी मावत, म्हणून डिस्कला प्रायमरी पार्टिशन चारच. विंडोज ७ च्या काळातल्या अनेक लॅपटॉपमध्ये कंपनीनेच ही चारही भरून पाठवलेली असत : सिस्टिमचे एक, सी ड्राइव्ह, रिकव्हरी, आणि कंपनीच्या स्वतःच्या टूल्सचे एक. लिनक्ससाठी जागा करायला त्यांतले एक पुसावे लागे. ते न पुसता पाचवे बनवायला गेले की विंडोज डिस्क ‘डायनॅमिक’ करण्याचा प्रस्ताव पुढे करी. त्याला हो म्हटले की लिनक्स बसवायची वाट जवळपास बंद.

त्या ४४६ बाइटांत कोणाचा प्रोग्रॅम राहणार यावरून खरी ओढाताण असे. विंडोज बसवताना तिचा इन्स्टॉलर तिथे आधी काय आहे हे न विचारता आपला कोड लिहून टाकी. लिनक्स डिस्कवर जशीच्या तशी असे, पण तिच्यापर्यंत पोहोचायची वाट नाहीशी होई. ‘आधी विंडोज, मग लिनक्स’ हा आजही ऐकू येणारा सल्ला तेव्हाचा आहे. लिनक्सचे इन्स्टॉलर पहिल्यापासून शेजारणीची दखल घेऊन मेन्यूत तिचे नाव घालत आले आहेत. त्यात सौजन्य होते आणि गरजही, कारण नवीन आलेल्या पाहुणीला घरधनिणीला बाहेर काढून चालणार नव्हते.

लिनक्सचा सुरुवातीचा बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, लिलो (LILO), १९९२ पासूनचा, वेर्नर आल्मेसबर्गर यांनी लिहिलेला. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, डिस्कच्या कोणत्या सेक्टरांत आहे याची यादीच तो जपून ठेवी. त्यामुळे कर्नल बदलला आणि लिलो पुन्हा चालवायचे राहिले की संगणक सुरू होत नसे. सुरू होताना तो आपले नाव एकेक अक्षराने पडद्यावर उमटवी आणि प्रत्येक अक्षर म्हणजे पार पडलेला एक टप्पा असे. चारपैकी पहिली दोनच अक्षरे उमटून काम थांबले तर दुसरा टप्पा डिस्कवरून वाचला गेला, पण चालू झाला नाही, असा अर्थ. पुढे ग्रबने त्याची जागा घेतली. १९९५ साली एरिक बोलेन यांनी सुरू केलेला हा बूटलोडर फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवरची फाइलींची मांडणी, स्वतः वाचू शकतो, म्हणून सेक्टरांच्या याद्या लागत नाहीत. लिलोचे काम २०१५ अखेर थांबले.

ही कल्पना लिनक्सबरोबरच आली असे मात्र नाही. आयबीएमच्या ओएस/२ या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये डॉस शेजारी ठेवण्याची सोय होती आणि १९९२ च्या २.० आवृत्तीबरोबर स्वतंत्र बूट मॅनेजरही मिळत असे. विंडोज एनटीलाही जुन्या विंडोजशेजारी राहता येई. ‘बूट डॉट आयएनआय’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत मेन्यूच्या ओळी असत आणि नोटपॅडमध्ये उघडून त्या बदलता येत. व्हिस्टापासून तिच्या जागी बीसीडी हा बायनरी साठा आला आणि ती सोय गेली. लिनक्सचे जनक लिनुस टोरवाल्ड्स यांचा स्वतःचा संगणकसुद्धा आधी मिनिक्स (शिकवण्यासाठी लिहिलेली एक छोटी सिस्टिम) आणि लिनक्स असा दुहेरीच होता. एकदा चुकून मॉडेमऐवजी हार्ड डिस्कलाच डायल करण्याच्या आज्ञा गेल्या, मिनिक्सचे पार्टिशन बिघडले, आणि ते पुन्हा बसवण्याऐवजी त्यांनी मिनिक्सलाच रजा दिली.

भारतात इंटरनेट महाग आणि मंद होते त्या काळात लिनक्स घरी येई ती सीडीवरून. पीसीक्वेस्ट मासिकाने १९९६ साली अंकासोबत लिनक्सची सीडी दिली आणि पुढे अनेक वर्षे तो क्रम चालू ठेवला. २००५ नंतर उबंटूच्या सीडी कॅनॉनिकल कंपनी टपालाने फुकट पाठवी. ती योजना २०११ मध्ये बंद झाली. आज महाराष्ट्रात ड्युअल बूट करणाऱ्यांत संगणक अभियांत्रिकीचे विद्यार्थी बरेच आहेत. प्रात्यक्षिकांना लिनक्स लागते, आणि घरात त्याच लॅपटॉपवर कोणाला टॅली हवी असते, कोणाला गेम. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्यांच्या मशिनवर विंडोज ११ बसत नाही, त्यांच्यापैकी काहींनी जुनी विंडोज शेजारी ठेवून लिनक्स आणली आहे.

२०१२ च्या विंडोज ८ पासून बाजारात येणाऱ्या संगणकांत बायॉस या जुन्या फर्मवेअरची (संगणक सुरू होताच मदरबोर्डवरून चालणाऱ्या प्रोग्रॅमची) जागा यूईएफआयने आणि एमबीआरची जागा जीपीटी या नव्या पार्टिशन-तक्त्याने घेतली. चार पार्टिशनची मर्यादा गेली, जीपीटीत साधारणपणे १२८ मावतात. बूटलोडरही आता एका सेक्टरात कोंडलेला नसतो. ईएसपी नावाचे छोटे फॅट३२ पार्टिशन असते आणि त्यात प्रत्येक सिस्टिमचा वेगळा फोल्डर. वाटणी झालेल्या वाड्याच्या सामाईक देवडीसारखे हे पार्टिशन दोघींचेही असते, आणि लिनक्स बसवताना त्याला फॉरमॅट केले तर विंडोजचा दरवाजाही जातो. कोणाला आधी बोलवायचे याचा क्रम मदरबोर्डच्या मेमरीत लिहिलेला असतो. म्हणून एखाद्या अपडेटनंतर लिनक्सचा मेन्यू गायब झाला तर बहुतेक वेळा पुसले काहीच गेलेले नसते, फक्त क्रम बदललेला असतो. यूईएफआयच्या सेटिंगमध्ये जाऊन लिनक्सची नोंद वर सरकवली की काम होते.

यूईएफआयबरोबर सिक्युअर बूटही आले. यात ज्या बूटलोडरवर ओळखीची डिजिटल सही आहे त्यालाच फर्मवेअर चालू देते, आणि बहुतेक पीसींत ती ओळख मायक्रोसॉफ्टच्या किल्लीची असते. लिनक्सवाल्यांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे शिम : मायक्रोसॉफ्टकडून सही करून घेतलेला अगदी छोटा प्रोग्रॅम, जो पुढे ग्रबची सही तपासून त्याला चालवतो. उबंटू १२.१० आणि फेडोरा १८ पासून हा मार्ग रुळला. तरी ‘सिक्युअर बूट बंद करा’ हा सल्ला आजही सर्रास दिला जातो. मोठ्या वितरणांसाठी त्याची गरज उरलेली नाही, आणि व्हॅलोरंटसारखे काही गेम विंडोज ११ वर ते चालूच मागतात.

दुसऱ्याच्या सहीवर विसंबण्याची किंमत ऑगस्ट २०२४ मध्ये दिसली. असुरक्षित जुने बूटलोडर बाद करणारे एक विंडोज अपडेट त्या महिन्यात आले. ड्युअल बूट संगणकांवर ते लागू होऊ नये अशी योजना होती, पण काही संगणक तसे आहेत हे अपडेटला ओळखता आले नाही, आणि तिथे लिनक्स सुरू करताच सुरक्षा धोरणाचा भंग झाल्याचा संदेश दाखवून मशिन बंद होऊ लागले. मायक्रोसॉफ्टची कायमची दुरुस्ती मे २०२५ मध्ये आली.

बसवण्याचे काम स्वतः तासाभराचे. तयारीत खरा वेळ जातो. आधी महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप, तोही वेगळ्या डिस्कवर. मग विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह लहान करायचा आणि मोकळी झालेली जागा तशीच रिकामी ठेवायची. उबंटूसाठी किमान २५ जीबी सांगतात, प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट-तिप्पट असावी. दोनशे जीबी रिकामी दिसत असताना विंडोज तीसच मोकळी करू देते, असाही अनुभव येतो. मध्येच कुठेतरी पेजफाइल (रॅमला पूरक म्हणून डिस्कवर ठेवलेली फाइल) किंवा हायबरनेशनची फाइल बसलेली असते आणि ती चालू सिस्टिमला हलवता येत नाही. ती दोन्ही तात्पुरती बंद करून रीस्टार्ट केल्यावर आकडा वाढतो.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे एन्क्रिप्शन, चालू आहे का हेही आधीच पाहून घ्यावे. नव्या विंडोज ११ संगणकांवर डिस्कचे एन्क्रिप्शन अनेकदा मालकाला न कळत चालू असते. बूटच्या सेटिंगला हात लागला की पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यावर सापडते, पण खाते कोणत्या ईमेलवर उघडले होते हे आठवायला हवे. दुसरा खोळंबा इंटेलच्या लॅपटॉपवर होतो. स्टोरेज आरएसटी या इंटेलच्या पद्धतीवर लावलेले असेल तर लिनक्सच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. ते सेटिंग एएचसीआय या सर्वसामान्य पद्धतीवर न्यावे लागते, आणि विंडोजला त्याची पूर्वकल्पना न देता बदल केला तर विंडोजच त्रुटीचा पडदा दाखवते. विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल असे आधी ठरवून मग सेटिंग बदलणे हा त्यावरचा रुळलेला उपाय.

पुढे दोन्ही सिस्टिम वापरात आल्या की घड्याळाचा घोळ पहिल्याच दिवशी दिसतो. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवते, लिनक्स जागतिक प्रमाणवेळ. भारतात फरक साडेपाच तासांचा. सकाळी दहाला लिनक्स बंद करून विंडोज उघडली की कोपऱ्यात पहाटेचे साडेचार. उलट गेले तर दुपारचे साडेतीन. नेट मिळताच वेळ आपोआप सुधारते, तरी तेवढ्यात बँकेच्या साइट सर्टिफिकेटची तक्रार करतात. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगणारी एका ओळीची आज्ञा आहे. रजिस्ट्रीत (सेटिंगच्या साठ्यात) एक नोंद घालून विंडोजला जागतिक वेळेवर आणता येते. दोन्ही एकदम केले तर घोळ फक्त उलटा होतो.

फास्ट स्टार्टअप याहून धोक्याचे. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ दाबल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही. कर्नलची अवस्था डिस्कवर साठवून ती अर्धवट झोपते. अशा अवस्थेतल्या ड्राइव्हवर लिनक्सने लिहिले तर फाइली बिघडू शकतात, म्हणून लिनक्स तो ड्राइव्ह केवळ वाचण्यापुरता उघडते. विचित्र वाटेल, पण विंडोज पूर्ण बंद होते ती ‘रीस्टार्ट’ दाबल्यावर. कंट्रोल पॅनेलमधून फास्ट स्टार्टअप कायमचे बंद करणे उत्तम.

डेस्कटॉपवर किंवा दोन एसएसडी मावणाऱ्या लॅपटॉपवर प्रत्येक सिस्टिमला वेगळी डिस्क देता येते. दुसरी सिस्टिम बसवताना पहिली डिस्क काढून ठेवली, तर दोघींचे बूटलोडर कधीच एकमेकांत मिसळत नाहीत. मग सुरू करताना एफ१२ किंवा त्या कंपनीने ठरवलेली कळ दाबून डिस्क निवडायची. परवडत असेल तर हीच पद्धत सर्वांत निर्धोक.

मॅकवर ॲपलने एप्रिल २००६ मध्ये बूट कॅम्प आणून विंडोजची सोय स्वतःच केली होती. २०२० पासूनच्या ॲपलच्या चिपवरील मॅकवर ती नाही. तिथे लिनक्ससाठी ‘असाही लिनक्स’ नावाचा प्रकल्प काम करतो.

व्हर्च्युअल मशिन (चालू सिस्टिमच्या आत दुसरी चालवणारे सॉफ्टवेअर) आणि २०१६ पासून विंडोजमध्येच मिळणारी डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) यांमुळे ड्युअल बूटची गरज बरीच घटली आहे. केवळ प्रोग्रॅमिंगच्या प्रात्यक्षिकांसाठी आज डिस्क कापायचे कारण नाही. ग्राफिक्स कार्डाची किंवा प्रोसेसरची पूर्ण ताकद लागत असेल, किंवा रॅम दोन सिस्टिम एकाच वेळी पेलण्याइतकी नसेल, तिथे मात्र तेच सोयीचे.

लिनक्स काढून टाकताना पुष्कळजण डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिचे पार्टिशन उडवतात आणि रीस्टार्ट करतात. ग्रबचा पहिला तुकडा ईएसपीत किंवा एमबीआरमध्ये शिल्लक असतो, त्याचा मेन्यू मात्र उडवलेल्या पार्टिशनमध्ये होता. मग काळ्या पडद्यावर नुसता ग्रबचा प्रॉम्प्ट लुकलुकत राहतो. म्हणून आधी फर्मवेअरमध्ये विंडोज बूट मॅनेजरला पहिल्या क्रमांकावर आणावे, ती सुरू होते हे पाहावे आणि मगच पार्टिशन पुसावे. मोकळी झालेली जागा डिस्क मॅनेजमेंट सी ड्राइव्हला जोडून देते ती लगत उजवीकडे असेल तरच. मध्ये रिकव्हरी पार्टिशन आडवे आले, तर ते हलवायला वेगळे सॉफ्टवेअर लागते.