ग्रीक भांड्यांवरचा काळा ‘रंग’

अथेन्सच्या केरामेइकोस संग्रहालयातली काळी-तांबडी भांडी काळ्या रंगाने रंगवलेली आहेत, असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. तो काळा थर भांड्याच्याच मातीतून निवळून काढलेल्या अतिबारीक गाळाचा.

करामत सगळी भट्टीची. आधी हवा खेळती ठेवली की भांडं तांबडं होतं. मग सुमारे ९०० अंशांना झरोके बंद करून ओलं लाकूड घालायचं. सगळंच काळं पडतं. शेवटी पुन्हा हवा सोडली की सच्छिद्र अंग परत तांबडं होतं, पण गाळाचा थर तोवर काचेसारखा मिटलेला असतो, त्यात हवा शिरत नाही. भट्टीत भांडी एकमेकांना टेकली, तर त्या जागी काळ्यात तांबूस डाग राहतो. तो जरूर शोधा. काही भांड्यांवरचा पांढरा रंग मात्र वरून वेगळा लावलेला, म्हणूनच तो आधी झडतो.