सीएफएम बघायचा की मिमी? एकसारख्या दिसणाऱ्या दोन फॅनची गल्लत

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये लावायच्या फॅनच्या डब्यावर मागच्या बाजूला दोन आकडे असतात. एकापुढं सीएफएम लिहिलेलं, दुसऱ्यापुढं मिमी एच-टू-ओ. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानात काउंटरपाशी उभं राहून फॅन निवडणारे बहुतेक जण पहिला आकडा बघतात, ज्याचा मोठा तो उचलतात आणि घरी आणून कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला बसवतात. आठवड्याभरात तक्रार सुरू होते, की एवढी हवा फेकणारा फॅन घेतला तरी प्रोसेसर तापतोच आहे आणि आवाज तर आधीपेक्षा वाढलाय. फॅन खराब नसतो. मोकळ्यावर हवा वाहून नेण्यासाठी केलेला फॅन, हवा रेटावी लागते अशा जागी बसलेला असतो.

बाजारात या दोन जातींना एअरफ्लो फॅन आणि स्टॅटिक प्रेशर फॅन म्हणतात. दोन्ही 120 मिमीचे चौकोन, दोन्ही 25 मिमी जाड, दोन्ही बहुतेक काळे, दोन्हींना चार पिनांची वायर. नीट पाहिलं तर पात्यांत फरक दिसतो. प्रेशर फॅनची पाती सहसा रुंद, एकमेकींच्या जवळ, पाती आणि चौकट यांतली फट बारीक. एअरफ्लो फॅनच्या पात्यांमध्ये मोकळी जागा जास्त. पण हा काही पक्का नियम नाही. नुसत्या पात्यांवरून जात ओळखायला गेलं की फसायला होतं.

आता ते आकडे. सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा जाते. हा आकडा मोजताना फॅनच्या पुढं-मागं काहीच नसतं. जाळी नाही, फिल्टर नाही, रेडिएटर (लिक्विड कूलरमधलं गरम पाणी थंड करणारी पत्र्यांची चौकट) नाही. मिमीचा आकडा नेमका उलट परिस्थितीतला. फॅनची वाट पूर्ण बंद केली तर जेवढा दाब तयार होईल, तो पाण्याचा किती मिलिमीटर स्तंभ तोलून धरेल एवढंच तो सांगतो. त्या वेळी हवा अजिबात वाहत नसते. म्हणजे डब्यावरचे दोन्ही आकडे अशा दोन टोकांचे आहेत, की तुमच्या टेबलाखालचा फॅन त्यांतल्या एकाही टोकाला कधी चालत नाही. तो मधे कुठंतरी चालतो. नेमका कुठं, ते फॅन एकटा ठरवत नाही. त्याच्या वाटेत काय आडवं आलंय, त्यावर ते ठरतं.

कोल्हापूरकराला हे समजायला कारखान्यांचं उद्यमनगर पुरेसं आहे. शेडच्या भिंतीतला एक्झॉस्ट फॅन आणि लोखंड वितळवणाऱ्या क्युपोला भट्टीचा ब्लोअर, दोन्ही हवाच हलवतात. पण कोक आणि लोखंडाच्या थरांतून हवा घुसवायचं काम एक्झॉस्ट फॅनला सांगितलं तर तो नुसता गरगरत राहील, आणि शेडमधला धूर बाहेर काढायला कुणी ब्लोअर लावत नाही. कॅबिनेटमध्ये हाच मामला आहे, फक्त दाब शेकडो पटींनी कमी.

नॉक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीचे दोन फॅन शेजारी ठेवून बघू, कारण आकार एक, कंपनी एक, मोजणीची पद्धतही एक. एनएफ-एस12ए हा एअरफ्लोचा. 1200 आरपीएमला (म्हणजे मिनिटाला 1200 फेरे) 63.3 सीएफएम, 1.19 मिमी, आवाज 17.8 डीबीए (म्हणजे कानाच्या हिशेबानं मोजलेले डेसिबल). एनएफ-एफ12 हा प्रेशरचा. 1500 आरपीएमला 54.97 सीएफएम, 2.61 मिमी, आवाज 22.4 डीबीए. वरवर पाहिलं तर पहिलाच सरस वाटतो. हवा जास्त, आवाज कमी, अजून काय पाहिजे? पण ही तुलना वेगवेगळ्या वेगांची आहे. फॅनचं गणित ठरलेलं असतं. हवेचं प्रमाण वेगाच्या पटीत बदलतं, दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत, आणि वेग निम्मा केला तर आवाज साधारण 15 डेसिबलनी उतरतो. त्या हिशेबानं एफ12 ला 1200 आरपीएमवर आणला, तर तो अंदाजे 44 सीएफएम आणि 1.67 मिमी देतो आणि आवाज येतो साडेसतराच्या आसपास. म्हणजे दोघांचा आवाज जवळपास सारखाच. तेवढ्याच आवाजात एक फॅन मोकळ्यावर दीडपट हवा देतो आणि दुसरा सुमारे चाळीस टक्के जास्त रेटा देतो. खरा सौदा हा आहे. दोन्हीतला कुठलाच फॅन जात्याच ‘शांत’ नाही.

मग एअरफ्लो फॅनपुढं दाट फिल्टर ठेवला की आवाज का वाढतो? एक कारण साधं. हवा कमी जाते, तापमान चढतं, मदरबोर्ड फॅनचा वेग वाढवतो. दुसरं कारण लोकांच्या लक्षात येत नाही. वाटेत अडथळा वाढत गेला, की एका मर्यादेनंतर हवा पात्यांच्या पाठीला चिकटून वाहायचं सोडते. विमानाच्या पंखाबाबतीत ज्याला स्टॉल म्हणतात, तेच इथं घडतं. हवा घुसमटते, पात्याच्या टोकांवरून उलटी फिरते आणि ‘सूंऽऽ’ असा एकसुरी आवाज जाऊन त्याजागी खडबडीत घरघर येते. डेसिबलमध्ये मोजलं तर फरक थोडा दिसेल, पण रात्री खोलीत ती घरघर सहन होत नाही. प्रेशर फॅनवर ही वेळ बरीच उशिरा येते.

अडथळा कुठल्या बाजूला आहे यालाही महत्त्व आहे. हवा बाहेर टाकायच्या बाजूला जाळी असली तर फॅन फारशी कुरकुर करत नाही. हवा ओढायच्या बाजूला अगदी चिकटून जाळी असली, की विस्कटलेली हवा थेट पात्यांवर येऊन आदळते आणि एक बारीक गुणगुण सुरू होते. सात पात्यांचा फॅन 1200 आरपीएमला फिरत असेल तर सेकंदाला 140 वेळा एखादं पातं जाळीच्या त्याच काडीसमोरून जातं. 140 हर्ट्झचा तो सूर आपल्याला ऐकू येतो. जाळी आणि फॅन यांच्यात सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर मोकळं अंतर मिळालं तरी हा सूर बराच बसतो. नॉक्टुआ यासाठी चौकटीसारखा स्पेसर विकतेसुद्धा, पण कॅबिनेट निवडतानाच पुढचं पॅनेल आणि फॅन यांत बोटभर जागा आहे ना, एवढं बघितलं तर तो खर्च वाचतो.

नावांच्या बाबतीत कंपन्यांनी गोंधळात भरच घातलीय. नॉक्टुआच्या एफ12 मधला ‘एफ’ फोकस्ड फ्लोचा, आणि तो फॅन प्रेशरचा. आर्क्टिक कंपनीचाही एफ12 आहे, आणि तो मात्र एअरफ्लोचा. आर्क्टिकला प्रेशर फॅन पाहिजे असेल तर पी12 मागावा लागतो. ‘एफ12 द्या’ म्हटल्यावर दुकानदार कुठला देईल, ते त्या दिवशी त्याच्याकडं काय शिल्लक आहे त्यावर.

आपल्या घरी कुठला लावायचा? पुस्तकी उत्तर सोपं आहे. रेडिएटर, दाट पत्र्यांचा हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) किंवा फिल्टर समोर असेल तिथं प्रेशर. मागच्या एक्झॉस्टला, जिथं फक्त मोठ्या भोकांची जाळी असते, तिथं एअरफ्लो. सिंगल टॉवरच्या, म्हणजे पत्र्यांची एकच उभी थप्पी असलेल्या, हवेवर चालणाऱ्या कूलरमध्ये पत्र्यांतलं अंतर बरंच मोकळं असतं, तिथं दोन्हींत फरक थोडाच पडतो. 240 मिमीच्या लिक्विड कूलरचा रेडिएटर दाट असतो. तिथं एअरफ्लोचा फॅन लावणं म्हणजे पैसे पाण्यात.

पण पुस्तकी उत्तर स्वच्छ फिल्टर गृहीत धरतं, आणि कोल्हापुरात फिल्टर स्वच्छ राहत नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीच्या वाऱ्याला घर असेल तर फाउंड्रीची वाळू आणि काळी बारीक पूड. करवीरच्या गावांकडं हंगामात गुऱ्हाळांतली जळक्या चिपाडांची राख. बाकी सगळीकडं रस्त्याची धूळ, ती वेगळी सांगायला नको. नायलॉनच्या बारीक जाळीवर हे सगळं आधी करड्या सायीसारखं बसतं, मग पावसाळ्यातल्या दमट हवेत त्याचा नमदा होतो. बोटानं खरवडलं तर तुकड्यानं निघतो. या जाळीतून जाणारी हवा महिन्या-महिन्याला कमी होत जाते. तुम्ही काहीही न बदलता, दिवाळीत ज्या कॅबिनेटला एअरफ्लो फॅन शोभत होता, त्याच कॅबिनेटला मार्चमध्ये प्रेशर फॅनची गरज पडते. म्हणून माझं मत असं, की आपल्याकडं पुढच्या बाजूला, फिल्टर असेल तर डोळे झाकून प्रेशर फॅन घ्यावा. स्वच्छ जाळीवर तो थोडी हवा कमी देईल, ते चालेल. धूळ बसल्यावर तो एअरफ्लो फॅनसारखा ढेपाळत नाही, हे जास्त मोलाचं.

आधीच फॅन घेऊन बसला असाल तर पैसे न घालता तपासता येतं. काहीतरी जड काम लावा, एखादा गेम किंवा व्हिडिओ रेंडर, आणि बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) किंवा मदरबोर्डच्या सॉफ्टवेअरमध्ये फॅनचा वेग एका जागी बांधून ठेवा. हे विसरू नका, नाहीतर फॅन स्वतःच वेग बदलेल आणि तुलनेला अर्थ उरणार नाही. तापमान स्थिरावलं की पुढचं पॅनेल आणि फिल्टर काढून ठेवा, पुन्हा स्थिरावू द्या. तापमान एक-दोन अंशांनीच उतरलं, तर अडथळा नाही, फॅन आहे तो ठीक आहे. सात-आठ अंशांनी उतरलं, तर फॅन अडलेला आहे. अजून एक बघायचं. पेटती उदबत्ती फॅनच्या हवा ओढणाऱ्या बाजूला, कडेपाशी धरा. धूर सरळ आत गेला तर उत्तम. कडेनं बाहेर उसळी मारून परत येत असेल, तर पात्यांच्या टोकाशी हवा उलटी फिरतेय. ही वर सांगितलेली घुसमट. उदबत्तीची राख आत पडू देऊ नका म्हणजे झालं.

सीएफएमची हाव मुळात एवढी कशाला, हाही प्रश्न आहे. 300 वॉट खाणारा पीसी घेऊ. त्यातून खरोखर 50 सीएफएम हवा जात असेल, तर बाहेर पडणारी हवा खोलीपेक्षा साधारण साडेदहा अंशांनी गरम असते. मे महिन्यात खोली 36 अंशांवर असली तर ती 46-47 ची. हवा दुप्पट करून 100 सीएफएम केली, तर हा फरक सव्वापाच अंशांवर येतो. म्हणजे सगळा खटाटोप पाचेक अंशांसाठी, आणि त्यासाठी त्याच फॅनचा वेग दुप्पट केला तर आवाज 15 डेसिबलनी चढतो. 10 डेसिबल वाढले की माणसाच्या कानाला आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो. प्रोसेसर 70 ऐवजी 75 अंशांवर चालला तर त्याचं काही बिघडत नाही. झोपलेल्या घराचं मात्र बिघडतं.

जाता जाता अजून एक घोळ. ‘पॉझिटिव्ह प्रेशर’ म्हणतात त्याचा आणि प्रेशर फॅनचा संबंध नाही. पॉझिटिव्ह प्रेशर हा कॅबिनेटचा गुण. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवली, की फटींमधून हवा बाहेर पडते आणि धूळ फक्त फिल्टरवाटेच येते. दोन फॅन पुढं आणि एक मागं असला तरी ते साधेलच असं नाही, कारण पुढच्या दोघांना फिल्टरमधून ओढायचं असतं आणि मागचा मोकळा असतो. पुढं दोन प्रेशर फॅन, मागं एक एअरफ्लो फॅन कमी वेगावर, हे गणित बहुतेक घरगुती कॅबिनेटमध्ये बसतं. तपासायला टिश्यू पेपरची पट्टी पुरते. मागच्या बाजूला ग्राफिक्स कार्डच्या शेजारी स्लॉटची जी रिकामी भोकं असतात, तिथं पट्टी धरायची. बाहेर फडफडली तर जमलं. आत ओढली गेली तर मागच्या फॅनचा वेग 100-150 आरपीएमनी उतरवायचा आणि पुन्हा धरून बघायची. एवढं करूनही आतच जात असेल तर फॅन बदलायच्या आधी फिल्टर काढून नळाखाली धरा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नका. जुलैत त्याला अख्खा दिवस लागतो.