सेरो सर्वेक्षणाचा टक्का: नमुना कोणाच्या दारातून आला?

२०२१च्या सुरुवातीला ठाण्यात, वर्तकनगरच्या आमच्या इमारतीत, जिन्यावर भेटणारी माणसे एकमेकांना ‘काका, तुमच्या किती आल्या?’ असे विचारू लागली होती. प्रश्न कोविडविरुद्धच्या अँटीबॉडीजचा, म्हणजे प्रतिपिंडांचा, असे. कोणाच्या अहवालावर ३२ लिहिलेले असे, कोणाच्या १४०, आणि मोठा आकडा मिळालेला माणूस मास्क हनुवटीवर उतरवून निर्धास्तपणे बोलत उभा राही. वास्तविक दोघांच्या चाचण्या वेगवेगळ्या प्रयोगशाळांत, वेगवेगळ्या किटवर झालेल्या असत आणि त्यांची एककेही निराळी असत, त्यामुळे ती तुलना किलोची लिटरशी केल्यासारखी होती. एका माणसाच्या बाबतीत होणारी ही गफलत अख्ख्या शहराच्या बाबतीत झाली की महाग पडते, म्हणून सेरो सर्वेक्षणाच्या, म्हणजे लोकांचे रक्त तपासून केलेल्या पाहणीच्या, ‘अमुक टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली’ या वाक्यातला टक्का येतो कोठून, हे नीट पाहायला हवे.

एखाद्या विषाणूचा संसर्ग झाला की साधारण दोन-तीन आठवड्यांत रक्तात त्याच्याविरुद्ध लढणारी प्रथिने, म्हणजे ही प्रतिपिंडे, मोजता येण्याइतकी वाढतात आणि रोग बरा झाल्यावरही काही महिने तेथे राहतात. त्यामुळे ताप न आलेल्या आणि चाचणी न केलेल्या माणसालाही संसर्ग होऊन गेला होता की नाही, हे त्याच्या रक्तावरून मागाहून कळू शकते. हे शोधण्याची सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे एलायझा. तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या पट्टीवर ८ ओळी आणि १२ स्तंभांत ९६ खळगे असतात आणि प्रत्येक खळग्याच्या तळाशी विषाणूचा निष्प्रभ केलेला अंश चिकटवलेला असतो. त्यात पातळ केलेले सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव, घातले की त्यातली नेमकी प्रतिपिंडे त्या अंशाला धरून बसतात आणि बाकीचे सारे धुऊन टाकले जाते. हे धुणे नीट झाले नाही तर पुढचे सगळे फसते, इतके ते महत्त्वाचे आहे. मग मानवी प्रतिपिंडांना चिकटणारा, विकर (एन्झाइम) जोडलेला दुसरा रेणू घालतात आणि शेवटी एक रंगहीन द्रावण. ज्या खळग्यात प्रतिपिंडे आहेत तेथे ते निळे होते, आम्लाचा थेंब पडताच पिवळे होते आणि यंत्र त्या पिवळेपणाची गडदता मोजते.

आता फिकट पिवळ्यापासून गडद पिवळ्यापर्यंतच्या या सलग छटांमध्ये ‘पॉझिटिव्ह’ आणि ‘निगेटिव्ह’ अशी रेघ निसर्गाने आखून दिलेली नसते. ती माणसे आखतात आणि तिच्या दोन्ही बाजूंना चुका राहतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने मे २०२०मध्ये तयार केलेल्या ‘कोविड कवच’ या एलायझा चाचणीचे उदाहरण घेऊ. प्रतिपिंडे असलेल्या १०० पैकी सुमारे ९२ जणांना ती अचूक ओळखते आणि नसलेल्या १०० पैकी सुमारे ९८ जणांना ‘नाही’ असे बरोबर सांगते, असे तिच्या पडताळणीत दिसले होते. ऐकायला हे उत्तम वाटते. पण साथ नुकतीच सुरू झाली आहे आणि १,००० लोकांपैकी केवळ १० जणांना संसर्ग होऊन गेला आहे, असे समजा. त्या दहांपैकी ९ जण सापडतील, परंतु उरलेल्या ९९० जणांपैकी साधारण २० जण निष्कारण पॉझिटिव्ह ठरतील. म्हणजे खरे प्रमाण १ टक्का असताना अहवाल ३ टक्के म्हणेल. हेच किट अर्ध्या लोकांना संसर्ग होऊन गेलेल्या वस्तीत वापरले, तर मात्र ५० टक्क्यांच्या जागी ४७ टक्के दाखवील. एकच चाचणी एका ठिकाणी तिप्पट फुगवते आणि दुसऱ्या ठिकाणी किंचित कमी सांगते, म्हणून कच्चा टक्का दुरुस्त केल्याशिवाय छापू नये, असे माझे ठाम मत आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मे-जून २०२०च्या पहिल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हा धोका ओळखला होता. पहिल्या किटवर पॉझिटिव्ह आलेले नमुने दुसऱ्या, वेगळ्या किटवर पुन्हा तपासण्यात आले आणि प्रौढांमधले प्रमाण ०.७३ टक्के निघाले. तेवढ्यावरूनही मेच्या सुरुवातीपर्यंत देशात सुमारे ६४ लाख प्रौढांना संसर्ग होऊन गेला असावा, असा अंदाज बांधता आला.

किटच्या चुकांना निदान सूत्र लावता येते. नमुना कोणाकडून घेतला, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. जुलै २०२०मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत, दहिसर, चेंबूर आणि माटुंगा भागांत, झालेल्या सर्वेक्षणात झोपडपट्ट्यांमध्ये ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली आणि इतर वस्तीत १६ टक्के. रस्त्याच्या एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला इतका फरक. सार्वजनिक शौचालय, एका खोलीत राहणारी सहा माणसे आणि बंद न करता येणारा रोजगार यांचा तो हिशोब होता.

समजा, असेच सर्वेक्षण ठाण्यात करायचे ठरले. पथक किसननगर, लोकमान्यनगर किंवा मुंब्र्याच्या चाळीत शिरले की दारे बहुधा उघडी सापडतात आणि आरोग्यसेविका ओळखीची असली तर लोक हात पुढे करतात. घोडबंदर रोडवरच्या उंच इमारतीत मात्र सुरक्षारक्षकाच्या चौकीपाशी इंटरकॉमवरूनच नकार येतो. उदाहरणापुरते धरू की शहरातली ४० टक्के माणसे दाट वस्तीत राहतात आणि प्रतिपिंडांचे प्रमाण मुंबईसारखेच ५७ आणि १६ आहे. तर शहराचा खरा टक्का ३२च्या आसपास येतो. पण नकारांमुळे चारपैकी तीन नमुने दाट वस्तीतून आले आणि ते नुसते एकत्र मोजले, तर उत्तर ४७ येईल. शिवाय पथक दुपारी गेले तर सकाळच्या लोकलने मुंबईला गेलेला माणूस घरी नसतो आणि गर्दीत सर्वाधिक वावरणाराच नमुन्यातून निसटतो. यासाठी घरातील कोणाचे रक्त घ्यायचे ते आधी चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवतात, तो नसेल तर रविवारी पुन्हा जातात, आणि शेवटी प्रत्येक गटाला त्याच्या लोकसंख्येच्या प्रमाणात वजन देतात. हे कष्टाचे काम आहे आणि माझ्या मते सर्वेक्षणाची खरी गुणवत्ता प्रयोगशाळेइतकीच या दुसऱ्या फेरीत ठरते.

टक्का हाती आल्यावर मोह होतो तो समूह प्रतिकारशक्तीचा. एक रुग्ण सरासरी अडीच जणांना संसर्ग देत असेल तर ६० टक्के लोक सुरक्षित झाल्यावर साथ ओसरावी आणि पाच जणांना देत असेल तर ८० टक्के, असे गणित आहे. पण ते गणित सर्व लोक एकमेकांत सारखे मिसळतात, प्रतिकारशक्ती टिकते आणि विषाणू बदलत नाही असे गृहीत धरते. ब्राझीलमधील मनाउस शहरात रक्तदात्यांच्या नमुन्यांवरून ऑक्टोबर २०२०पर्यंत सुमारे ७६ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचा अंदाज होता, तरी जानेवारी २०२१मध्ये तेथील रुग्णालयांतला प्राणवायू संपला. दिल्लीत जानेवारी २०२१च्या सर्वेक्षणात ५६ टक्के आले आणि एप्रिलमध्ये विषाणूच्या डेल्टा या बदललेल्या प्रकाराची लाट आली. मुंबईच्या त्याच प्रभागांत ऑगस्ट २०२०च्या दुसऱ्या फेरीत झोपडपट्ट्यांतला आकडा ५७वरून ४५वर उतरला होता. होऊन गेलेला संसर्ग पुसला जात नाही. मात्र काळानुसार प्रतिपिंडे घटतात आणि काही किटना ती दिसेनाशी होतात, शिवाय दोन फेऱ्यांतली माणसे वेगळी असतात. उलट, प्रतिपिंडे मोजण्यापलीकडे गेली तरी रोगप्रतिकारक यंत्रणेच्या स्मृतिपेशी आणि टी पेशी उरतात व गंभीर आजारापासून बरेच संरक्षण देतात, जे या पट्टीवर दिसत नाही.

१६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाल्यावर मोजणी आणखी गुंतागुंतीची झाली. कोविशील्डमुळे शरीर केवळ विषाणूच्या काटेरी प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे बनवते. त्यामुळे ही लस घेतलेल्याच्या रक्तात न्यूक्लिओकॅप्सिड या आतल्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे दिसली तर ती संसर्गाची खूण मानता येते. कोव्हॅक्सिनमध्ये मात्र अख्खा निष्क्रिय विषाणू असल्याने ही खूण लसीनेही उमटू शकते. म्हणून आपल्याकडच्या सर्वेक्षणाच्या अर्जावर लस घेतली का, एवढेच विचारून भागत नाही. कोणती आणि कधी, हेही लिहून घ्यावे लागते. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे त्याच माणसाचे काही महिन्यांच्या अंतराने दोन नमुने घेणे आणि मध्ये लस घेतलेली नसताना प्रतिपिंडे वाढली का ते पाहणे. त्यासाठी पहिली नळी संकेतांक लावून अतिथंड फ्रीझरमध्ये जपून ठेवतात, आणि दुसरी आल्यावर दोन्ही एकाच दिवशी, एकाच पट्टीवरच्या शेजारशेजारच्या खळग्यांत तपासतात.