अटकेची नोंद पुसता येते का? ठाणे व नवी मुंबईतील ग्राहकांसाठी माहिती

सोसायटीतल्या भांडणात नाव गोवले गेले, एक रात्र लॉकअपमध्ये काढावी लागली, पुढे केस मिटली. काही वर्षांनी ऐरोलीच्या कंपनीत नोकरी लागते आणि चारित्र्य पडताळणीचा फॉर्म समोर येतो. मग पहिला प्रश्न असतो, 'ती जुनी नोंद काढून टाकता येईल का?'

सरळ उत्तर देतो. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत अटकेची नोंद कोर्टाकडून सीलबंद करून घेता येते. आपल्याकडे प्रौढ व्यक्तीसाठी असा सर्वसाधारण कायदा नाही. त्यामुळे 'इतके द्या, पोलीस रेकॉर्ड क्लिअर करून देतो' म्हणणाऱ्या एजंटच्या हातावर एक रुपयाही ठेवू नका. आम्ही केसचे कागद जमवून देतो, आमच्याकडेही ते काम होत नाही.

म्हणून जन्मभर डाग राहिला असे मात्र मुळीच नाही. केस शेवटी कशी संपली, हे कागदावर दाखवता आले की बरीच दारे उघडतात. गाडी अडते ती नेमकी इथेच. सुटका झाली की माणूस कोर्टाकडे पाठ फिरवतो आणि निकालाची नक्कल घ्यायची राहून जाते.

तेव्हा आधी शेवट शोधा. पोलिसांनी आरोपपत्राऐवजी समरी अहवाल (म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल) दिला असेल, तर त्यातले अक्षर पाहा. 'ए' म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा सापडला नाही. 'बी' म्हणजे तक्रारच खोटी. 'सी' म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची तक्रार. अहवाल दंडाधिकाऱ्यांनी स्वीकारला का, तेही पाहा. नुसता पोलिसांनी पाठवला म्हणजे केस संपली असे होत नाही. तडजोडपात्र, म्हणजे दोन्ही बाजूंनी आपसात मिटवण्याची कायद्याने मुभा असलेला गुन्हा कोर्टात मिटवला असेल, तर त्याचा परिणाम निर्दोष सुटकेचाच असतो (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३५९). तडजोडपात्र नसलेल्या प्रकरणात एफआयआर रद्द करण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात याच संहितेच्या कलम ५२८ खाली अर्ज करता येतो. हेच पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४८२. नवरा-बायकोचे वाद, शेजाऱ्यांची भांडणे, पैशांचे व्यवहार यांत दोन्ही बाजूंच्या संमतीने एफआयआर रद्द होतात. खून, बलात्कार यांसारख्या गुन्ह्यांत नुसत्या समझोत्यावर तसे होत नाही. हे काम वकिलांचे आहे. आम्ही कोर्टात उभे राहत नाही, कागद जमवून देतो.

कागद म्हणजे प्रमाणित नक्कल. मोबाइलवर काढलेला निकालाचा फोटो किंवा ई-कोर्ट या कोर्टांच्या वेबसाइटवरची प्रिंट अनेक ठिकाणी चालत नाही. नकलेवर 'खरी प्रत' असा शिक्का, सही आणि अर्ज केल्याची व नक्कल मिळाल्याची तारीख असते. दोन-तीन प्रती एकदमच घ्या. जुनी फाइल रेकॉर्ड रूममधून काढायला वेळ लागतो, म्हणून ऑफर लेटर येण्याची वाट पाहू नका. एक प्रत पत्रासोबत संबंधित पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घ्या. निकालाची नोंद तिथे झाली नसेल, तर तुमची केस अजून 'प्रलंबित' दिसू शकते. सुटका होऊनही पडताळणीत अडकलेल्या मुलांचे चेहरे आम्ही पाहिले आहेत, म्हणून ही पोच आम्ही आग्रहाने मागतो.

बोटांचे ठसे आणि फोटो यांची गोष्ट वेगळी. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यानुसार ही मापे ७५ वर्षे ठेवता येतात. पण पूर्वी शिक्षा न झालेली व्यक्ती खटल्याविना सुटली, दोषमुक्त झाली किंवा निर्दोष ठरली, तर सर्व कायदेशीर उपाय संपल्यावर ती नष्ट करायची असतात. कोर्टाने कारणे नोंदवून वेगळा आदेश दिला, तरच ती राहतात. आपल्या कायद्यात प्रौढांसाठी नोंद पुसण्याच्या सर्वांत जवळ जाणारी तरतूद हीच.

घटनेच्या वेळी वय १८ पेक्षा कमी होते? मग आई-वडिलांनी घाबरू नये. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम २४ नुसार अपिलाची मुदत गेल्यावर नोंदी नष्ट करायच्या असतात. अपवाद १६ वर्षांवरील मुलाने केलेल्या अतिगंभीर गुन्ह्यांपैकी काहींचा. कलम ७४ तर सांगते की केस निकाली निघाल्यावर चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनी ही माहिती उघड करू नये.

फॉर्म भरताना प्रश्न दोनदा वाचा. 'गुन्हा प्रलंबित आहे का', 'कधी अटक झाली होती का' आणि 'शिक्षा झाली आहे का' हे तीन वेगळे प्रश्न आहेत. जे विचारले, त्याचेच खरे उत्तर लिहा. सरकारी नोकरीच्या पडताळणीत माहिती लपवण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात सविस्तर सांगितले आहे. किरकोळ गुन्हा लपवलेला असला, तरी नेमणूक करणारा तो माफ करू शकतो. मात्र गंभीर बाब दडवली, तर नोकरी जाऊ शकते. अमेरिकेच्या व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये तर कधीही झालेली अटक विचारतात, माफी मिळाली असली तरी. तिथे 'हो' लिहून निकालाची नक्कल सोबत ठेवणे हाच शहाणपणा.

गुगलवर नाव दिसते, ही तक्रारही येते. निकालांतून नाव काढण्याबाबत कायदा अजून स्थिर नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तसा आदेश दिला होता, पण त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. आजच्या घडीला यावर विसंबून बेत आखू नका.

येताना गुन्हा रजिस्टर नंबर व वर्ष, पोलीस ठाण्याचे नाव, केस नंबर किंवा १६ अक्षरी सीएनआर क्रमांक (ई-कोर्टवर प्रत्येक केसला मिळणारा), आणि आधार कार्ड आणा. यातले काहीच नसेल, तर जामिनाची जुनी पावती किंवा त्या वेळच्या वकिलांचे नावही चालेल. शोध तिथून सुरू करता येतो.