जहाजाचं लाकूड? नव्हे, ओकचं झाड!

उत्तर इंग्लंडच्या खेड्यांत जुन्या घराची वाकडी तुळई दाखवून हमखास सांगतात, "हे लाकूड फुटलेल्या जहाजाचं." ऐकायला झकास, पण बहुतेक ठिकाणी खोटं. समुद्रापासून कोसो दूर, डोंगरातल्या वाड्यांपर्यंत एवढे अजस्र वासे बैलगाडीतून कोण ओढत नेणार?

खरी गोष्ट सुतारकामाची आहे. या बांधणीला 'क्रक' म्हणतात. सुतार मुळातच वाकलेलं ओकचं झाड हेरायचा, खोड उभं चिरून दोन जुळे भाग करायचा आणि ते समोरासमोर उभे करून माथ्याशी जोडायचा. छताचा भार या कमानीवरून थेट जमिनीत उतरतो, त्यामुळे भिंती नुसता आडोसा. कित्येक घरांत मूळच्या भिंती जाऊन दगडी आल्या, आतला सांगाडा मात्र तोच राहिला. यॉर्कशरमधल्या हटन-ले-होलच्या रायडेल लोकसंग्रहालयात अशी घरं आत जाऊन पाहता येतात.

मग जहाजाचा पुरावा म्हणून दाखवतात त्या तुळयांवरच्या रिकाम्या खाचा? त्या बहुधा आधीच्या घराच्या किंवा कोठाराच्या. चांगलं ओक कोण टाकून देतो! जवळच कोरलेले रोमन आकडेही जहाजाचे नव्हेत. कुठला सांधा कुठे बसवायचा, याच्या त्या सुताराच्या खुणा.