ग्रहण नाही, नात्यातलं लग्नही नाही: कॉर्नेलिया डी लांग सिंड्रोमच्या कारणाचा शोध

कपाळाच्या मधोमध जुळलेल्या दाट भुवया, लांब पापण्या, वर वळलेलं आखूड नाक, बारीक वरचा ओठ आणि एखाद्या हाताला दोन किंवा तीनच बोटं. असं बाळ जन्मलं की कोल्हापूर भागात दोन प्रश्न हमखास निघतात. ग्रहणात विळी हातात घेतली होतीस का? आणि सून मामाच्या घरातलीच ना? पहिला प्रश्न तर सरळ आईलाच दोषी धरतो. अशा बाळाला बहुधा कॉर्नेलिया डी लांग सिंड्रोम हा जनुकीय आजार असतो. या आजारापुरतं दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच आहे, आणि ते इतक्या ठामपणे सांगता येण्यासाठी जवळजवळ शंभर वर्षं लागली.

अ‍ॅमस्टरडॅमच्या बालरोगतज्ज्ञ कॉर्नेलिया डी लांग यांनी 1933 साली दोन मुलींचं वर्णन प्रसिद्ध केलं. दोघींचा चेहरा सारखा, दोघींची वाढ खुंटलेली. त्याआधी 1916 मध्ये ब्राखमान या जर्मन डॉक्टरांनी अशाच एका बाळाच्या शवविच्छेदनाची नोंद केली होती. पण पहिलं महायुद्ध चालू होतं, त्यांना सैन्यात बोलावणं आलं आणि काम तिथंच थांबलं. आज हा आजार साधारण 10,000 ते 30,000 जन्मांमागे एका बाळात आढळतो असं मानतात. सौम्य रूपं नजरेतून सुटतात, म्हणून आकड्यात एवढी तफावत आहे.

कारणाचा शोध मात्र बरीच वर्षं चुकीच्या वाटेवर होता. गुणसूत्र 3 च्या लांब भुजेचा तुकडा दुप्पट झालेली मुलं दिसायला या मुलांसारखी असतात. त्यातच 1991 मध्ये एका रुग्णात गुणसूत्र नेमकं त्याच भागात तुटलेलं सापडलं, आणि सगळे तिथंच शोधत राहिले. जनुक होतं दुसरीकडेच, गुणसूत्र 5 च्या आखूड भुजेवर. 2004 मध्ये फिलाडेल्फिया आणि न्यूकॅसल इथल्या दोन गटांनी ते एकाच वेळी जाहीर केलं. त्याचं नाव एनआयपीबीएल.

या जनुकाची ओळख फळमाशीच्या अभ्यासातून आधीच झाली होती. 1999 मध्ये डेल डॉर्सेट यांच्या गटाने माशीतलं ‘निप्ड-बी’ हे जनुक वर्णन केलं होतं. पंखांची कड नीट घडवणाऱ्या जनुकाला दूरच्या नियंत्रकाकडून आदेश मिळायला ते मदत करतं. पुढच्याच वर्षी यीस्टमध्ये कळलं की त्याचंच भावंड असलेलं प्रथिन कोहेसिनच्या, म्हणजे कडीच्या आकाराच्या प्रथिनाच्या, कड्या डीएनएच्या दोऱ्यावर चढवतं. म्हणजे माणसातलं जनुक सापडलं तेव्हा त्याचं काम अर्धंअधिक ठाऊक होतं.

हे काम हाताने करून पाहता येतं. हुपरीच्या पैंजणातली एखादी सुटी कडी घ्या. दोऱ्यावर लांब लांब दोन गाठी मारा, दोन्ही गाठींच्या बरोबर मधोमध दोरा दुमडा आणि दुमड कडीतून ओढा. पलीकडे फास मोठा होत जातो आणि लांबच्या दोन गाठी कडीपाशी शेजारी येतात. एक गाठ म्हणजे जनुक, दुसरी म्हणजे त्याला ‘आता चालू हो’ सांगणारा नियंत्रक. पेशीत दोऱ्यावर ठिकठिकाणी सीटीसीएफ हे प्रथिन अडसरासारखं बसलेलं असतं, तिथं कडी थांबते. कडी चढवणं आणि ओढ चालू ठेवणं हे एनआयपीबीएलचं काम.

या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली तरी दुसरी शाबूत असते. मग बाळ आजारी का? कारण इथं प्रमाणच सगळं ठरवतं. जनुकाचं उत्पादन 30 टक्क्यांच्या आसपास घटलं तरी लक्षणं दिसू शकतात. पेशीचं विभाजन तेवढ्यावर निभावून जातं, पण नियंत्रणाला झळ बसते. शेकडो जनुकांची पातळी थोडी थोडी हलते. एकही पूर्ण बंद पडत नाही. गर्भात हात, हृदय, मेंदू घडत असताना या छोट्या चुकांची बेरीज होते.

एसएमसी1ए, एसएमसी3, आरएडी21 ही कडीचीच अंगं, एचडीएसी8 कडी पुन्हा वापरायला मोकळी करणारं, आणि बीआरडी4, अशी आणखी जनुकं 2006 ते 2018 या काळात यादीत आली. तरी सुमारे 60 ते 70 टक्के रुग्णांत दोष एनआयपीबीएलमध्येच असतो.

इथं तपासणीतली एक ठरावीक चूक सांगायलाच हवी. रक्ताचा अहवाल ‘दोष नाही’ असा आला की फाइल बंद होते. पण काही मुलांत जनुकातला बिघाड (उत्परिवर्तन) शरीराच्या काहीच पेशींत असतं, आणि रक्तातल्या पेशींतून ते गळून गेलेलं असतं. 2013 मध्ये हे स्पष्ट दाखवलं गेलं. म्हणून चेहरा ठळक जुळत असेल आणि रक्त कोरं निघालं, तर गालाच्या आतल्या बाजूचा स्वॅब पाठवावा. दूध पाजल्यावर निदान अर्धा तास थांबावं आणि तोंड पुसून घ्यावं, नाहीतर आईच्या पेशी नमुन्यात येतात. रक्त घेताना जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी वापरावी. हिरव्या झाकणाच्या नळीतलं हेपरिन पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या चाचणीत, अडथळा आणतं. निदानाची वाट पाहतानाही हिरवी उलटी झाली तर बाळाला ताबडतोब दवाखान्यात न्यावं. या मुलांत आतड्याला पीळ पडण्याचा धोका असतो.

आता नात्यातल्या लग्नाचा प्रश्न. एनआयपीबीएलमधला दोष बहुतेक वेळा नव्याने घडलेला असतो, आईवडिलांच्या रक्तात तो नसतो. बीजपेशींत लपलेला असू शकतो, म्हणून पुढच्या गरोदरपणात धोका 1 टक्क्याच्या आसपास धरतात. एसएमसी1ए आणि एचडीएसी8 एक्स गुणसूत्रावर आहेत, तिथं आईची तपासणी करावी लागते. पण याच कड्यांशी निगडित दुसरा आजार आहे, रॉबर्ट्स सिंड्रोम. त्यातही हातपाय आखूड राहतात. त्याचं जनुक, ईएससीओ2, 2005 मध्ये सापडलं आणि त्याचा आजार व्हायला दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात. तिथं मामा-आत्याच्या घरात झालेलं लग्न खरोखर महत्त्वाचं ठरतं आणि आईवडील दोघंही एकेक बिघडलेली प्रत बाळगत असतील तर प्रत्येक गरोदरपणात धोका 25 टक्के असतो. त्याची खूण साध्या गुणसूत्र तपासणीत दिसते, एकाच गुणसूत्राचे दोन जुळे धागे मध्यबिंदूपाशी फाकलेले. डी लांग सिंड्रोममध्ये हीच तपासणी बहुधा निर्दोष येते, म्हणून तेवढ्यावर आजार नाही असं कुटुंबाला सांगू नये.